जखमेला पाणी

रिहे, ता. मुळशी
११ मार्च २०२५

चि. जान्हवीस,
हैबतमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू चार वेळा फोन केलास आणि मी घेतला नाही, म्हणून रुसली असशील. रुसू नकोस, कारण ऐक. माझे कान तुला ठाऊकच आहेत. फोन आला की आमचा चिरंजीव शंभू तो मोठ्या आवाजावर लावतो, मग पलीकडचा ओरडतो आणि मीही ओरडतो. अंगणापलीकडे भाड्याच्या खोल्या, आणि त्यातली आयटीची पोरं हल्ली घरी बसूनच काम करतात. मामाच्या लघवीची चौकशी त्यांना ऐकवायची म्हणजे जत्रेत धोतर सोडण्यातला प्रकार. म्हणून हे पत्र.

मूत्राशयातला खडा फोडून काढला. डॉक्टरने त्याचा चुरा बाटलीत घालून मला दाखवायला आणला, जणू मी नवसच बोललो होतो. मी तोंड फिरवलं. त्या मेल्या खड्यानं घासून घासून आतलं अस्तर सोलून काढलंय म्हणे. ते भरून येईपर्यंत नळी आणि पिशवी.

ती पिशवी पलंगाच्या कडेला लोंबते. तांबूस, गढूळ, आत तंतू तरंगतात. ताट पुढं आलं की नजर तिकडंच जाते आणि तोंडात घास फिरतो. जन्मभर शेण काढलं, बैलाच्या जखमेतले किडे वेचले, कधी नाक धरलं नाही. स्वतःच्या मुताची मात्र शिसारी बसली आहे. परवा अनिमेष म्हणून अकोल्याचा भाडेकरू भेटायला आला. त्याला पिशवी दिसली आणि बिचारा चहाचा कप तसाच ठेवून उठला. त्याचा राग नाही, मीही तेच केलं असतं. सगळ्यात वाईट म्हणजे ती रिकामी करायला सूनबाई येते. सुनेनं सासऱ्याचं हे बघायचं! ती आली की मी भिंतीकडं तोंड करतो आणि झोपेचं सोंग घेतो.

सत्तावीस तारखेला दाखवायचं आहे. लघवी स्वच्छ असली तर नळी निघेल, नाहीतर पुन्हा आत दुर्बीण घालणार. तसं झालं तर मी जाणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पिशवी लटकवून जगायची माझी तयारी नाही. पण काळजी करू नकोस. जखम वाळवायचा उपाय मला लहानपणापासून माहीत आहे आणि तो मी कडक पाळतो आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. हे पत्र वाचून फाडून टाक, माया मात्र तशीच ठेव.

तुझा
हैबतमामा

नाशिक
१६ मार्च २०२५

ती. मामांस,
जान्हवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र फाडलं नाही, फाडणारही नाही. माझ्या लग्नात तुम्ही सासरच्या मंडळींना सांगितलं होतंत की पोरगी गुणाची आहे, फक्त दिवसभर हात कशाला लावते ते विचारू नका. प्रयोगशाळेत माणसांच्या आतड्यांचे आणि मूत्राशयांचे तुकडे काचेवर ठेवून बघणाऱ्या भाचीपुढं एका पिशवीची कसली लाज?

तो लहानपणापासूनचा उपाय कोणता, ते मात्र लगेच कळवा. पाणी भरपूर प्या, आणि स्नेहलवहिनीशी दोन शब्द बोला.

तुमच्या रागासकट तुमचा लोभ हवा असलेली,
जान्हवी

रिहे
२९ मार्च २०२५

सौ. जान्हवीताईंस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मामंजींनी ते वाचून उशीखाली ठेवलं आणि उत्तर लिहायला बसलेच नाहीत, म्हणून मीच लिहिते आहे.

नळी निघाली नाही. सत्तावीसला गेलो तेव्हा अंगात ताप होता आणि पिशवीत कोऱ्या चहासारखं काळपट, त्यात रक्ताच्या गुठळ्या. वास तर असा की नर्सनंसुद्धा खिडकी उघडली. जंतू झाले आहेत, औषधं दिली आहेत. डॉक्टर पुन्हापुन्हा विचारत होते की हे पाणी पितात ना. मी छातीठोकपणे हो म्हटलं. रोज सकाळी तांब्या भरून ठेवते, दुपारी रिकामा उचलते, परत भरते.

आता खरं ऐका. मामंजींच्या खिडकीखाली माझं कढीपत्त्याचं झाड आहे. किमया म्हणून भाड्यानं राहणारी मुलगी रोज त्याची पानं न्यायची. आठ-दहा दिवस ती फिरकली नाही, म्हणून मी काल सहज विचारलं. ती लाजून लाजून म्हणाली की काकू, आजोबा त्या झाडावर रोज काहीतरी ओततात, आणि त्यांच्याकडे ती पिशवी आहे, म्हणून आता कुणीच पानं नेत नाही. मला तर ओकारीच आली. परवाच त्या पानांची फोडणी दिली होती! धावत जाऊन झाड पाहिलं. अंगणातलं सगळं उन्हानं करपलंय आणि हे एकटं कोवळ्या पालवीनं भरलंय. माती हातात घेऊन हुंगली, तर नुसतं पाणी.

यांनी जाऊन विचारलं. आधी मामंजी भिंतीकडं तोंड करून पडले. मग सांगितलं की व्हय, न्हाई पीत, जखमेला पाणी लावून ती कुटं भरती का. भातलावणीत पायाला चिखल्या पडून बेचक्या सोलल्या की पाय कोरडा ठेवल्याशिवाय त्या बऱ्या होत नाहीत, मग आतली जखम निराळी कशी, असं त्यांचं म्हणणं. आमचं दोघांचं काही चाललं नाही.

पिशवीचा वास मला दोन दिवसांत अंगवळणी पडला. पण मी आत गेले की एक जागं माणूस डोळे मिटून घेतं ना, त्याची मला खरी किळस आली आहे. सोळा वर्षं या घरात आहे मी. तुमचं ते ऐकतील. हात जोडते, लिहा.

तुमची आठवण नेहमीच काढणारी,
स्नेहल

नाशिक
२ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आज नमस्कार जरा लांबूनच, कारण मला तुमचा भयंकर राग आला आहे. तांब्याभर पाणी खिडकीतून ओतून सुनेला फसवायचं, हे हैबतरावांना शोभतं?

तुमच्या चिखल्यांचं मला पटतं. कातडीची जखम कोरडी ठेवावी, तिच्यावर खपली धरते. मूत्राशयाचं अस्तर तसं नाही. ते जन्मापासून ओल्यातच राहतं. मी ते काचेखाली किती वेळा पाहिलं आहे. सगळ्यात वर मोठ्या, पसरट पेशींचा एक थर असतो, एकमेकींना घट्ट धरून बसलेला. घराच्या कौलांसारखा तो लघवीला आतल्या मांसात झिरपू देत नाही. खाली बारक्या पेशींचे थर. एरवी त्या महिनोन्‌महिने स्वस्थ बसतात. वरची कौलं फुटली की लगेच जाग्या होतात. एकीच्या दोन होतात, कडेच्या सरकून उघडी जागा झाकतात, आणि त्यांतूनच पुन्हा वरच्या मोठ्या पेशी तयार होतात. खपली नको, वाळवायला राख नको. हे काम तुमच्या पोटात आत्ताही चालू आहे.

आणि तुम्ही त्यावर काय सोडता? पाणी नसलं की लघवी दाट आणि जळजळीत होते. ती उघड्या मांसाला झोंबते, गुठळ्या धुऊन जात नाहीत आणि जंतूंचं फावतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. जंतू चिकटले की मूत्राशय वरच्या पेशी जंतूंसकट झटकून टाकतं आणि लघवीबरोबर बाहेर लोटतं. तुमच्या पिशवीतल्या गाळात त्याही असतील. किळस त्यालाही येते म्हणा ना! पण ते घाण टाकून देतं आणि नवं अस्तर विणायला घेतं. तुम्ही नुसते भिंतीकडं तोंड करून पडता.

पाणी प्या, मामा. आई गेल्यापासून माहेर म्हणून मला तुम्हीच आहात.

रागावलेली तरी तुमचीच,
जान्हवी

रिहे
२४ एप्रिल २०२५

चि. जान्हवीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. मामाला असं लिहितात? दुसऱ्यांदा वाचलं आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. तो कढीपत्ता डोळ्यांसमोर हलत होता. सगळं अंगण करपलेलं आणि तो टवटवीत. जन्मभर भात केला मी, आणि एवढं कळू नये? चिखल्या पडतात त्या पायाला. भाताच्या खाचराला नव्हे. खाचरातलं पाणी आटलं तर रोप लाल पडून जळतं. मी आपलं खाचरच पाय समजून वाळवत बसलो होतो.

उठलो आणि तांब्या तोंडाला लावला. सूनबाई दारात उभी होती. तिनं दुसरा तांब्या आणून ठेवला.

त्या दिवसापासून पिशवीकडं बघणं भागच पडलं, कारण रंग बघायचा होता. ती रिकामी करताना आम्ही दोघं उजेडात धरून बघायचो. सूनबाई म्हणायची की आज कोऱ्या चहावरून उसाच्या रसावर आलं, मी म्हणायचो की अजून ताकाची निवळी व्हायची आहे. शंभूनं हात जोडून विनंती केली की निदान जेवताना तरी हा विषय नको. त्याला शिसारी येते म्हणे!

बावीसला नळी काढली. आता दुर्बिणीची गरज नाही म्हणाले. पण दवाखान्यात लाजेनं लघवी थोडीशीच झाली. डॉक्टरने बजावलं की घरी जाऊन पाणी प्या, संध्याकाळपर्यंत नीट मोकळी झाली नाही तर नळी पुन्हा घालावी लागेल. सारी दुपार पाणी पीत होतो आणि मनातून घाबरलो होतो. उन्हं कलली तेव्हा अंगणाच्या टोकाच्या संडासात गेलो. बराच वेळ काही नाही. मग झाली. भरपूर, विनासायास, आणि निवळीसारखी स्वच्छ.

तेवढ्यात सूनबाईनं अंगणातून विचारलं की मामंजी, झाली का. माझे कान असे, म्हणून तिला ओरडूनच विचारावं लागलं. आणि पोरी, मीही आतून सगळ्या ताकदीनं ओरडलो की झाली, लई झाली! बाहेर येतो तर खोल्यांची सगळी दारं उघडी आणि पोरं टाळ्या वाजवताहेत. अनिमेषचा माइक चालू होता. त्याच्या मिटिंगमधले लोक त्याला विचारत होते की कुणाचं काय झालं, आणि तो त्यांना नीट समजावून सांगत होता. सूनबाई हसता हसता रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आधी धुऊन.

किमया पुन्हा पानं न्यायला लागली आहे.

आता पत्र लिहू नकोस, फोन कर. मी ओट्यावर बसून घेईन. माया आटू देऊ नकोस, पाणी मी बघतो.

तुझा
हैबतमामा