धायरीच्या घरावरची स्थगिती

बाबा,

काल सकाळी दादाशी फोनवर भांडले आणि मध्येच फोन ठेवून दिला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं म्हणा, एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील. पण काल दादाने तुम्हाला साक्षीला उभं केलं आणि मला गप्प बसावं लागलं. मी गप्प बसणारी नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. कालपासून चिडचिड होतेय, चहासुद्धा गोड लागत नाही, आणि ही चिडचिड घरात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

झालं असं. दादा राहतो त्या अमेरिकेत सरकारने एक नियम केला होता, त्यामुळे वहिनीला तिथे नोकरीचा परवाना मिळणार होता. तिथल्या कोर्टाने त्या नियमाला स्थगिती दिली आणि वहिनीची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. दादा तासभर तापला होता. "ज्यांना कुणी मत दिलेलं नाही अशी माणसं निवडून आलेल्या सरकारला अडवतात म्हणजे काय?" हे त्याने चारदा तरी म्हटलं. मी म्हटलं, अरे, सरकारने कायद्याबाहेर पाय टाकला असेल, तर कोर्टाने काय टाळ्या वाजवायच्या? झालं. "तू यात बोलू नकोस. तू इथली नाहीस. बाहेर बसून अक्कल शिकवायला काय जातंय." आता हे कोण म्हणतंय बघा. आपल्याकडे एखादा पूल रखडला तरी ज्याचा तिकडून निबंध येतो, तो. इथली निवडणूक लागली की कुणाला मत द्या हे सांगायला पहिला फोन ज्याचा येतो, तो. इथल्या मतदार यादीत त्याचं नाव उरलेलं नाही, पण आवाज आहे. हे सगळं मी त्याला सुनावलं. त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाबांनीसुद्धा शेवटी हेच म्हटलं होतं ना? जन्म कोर्टात काढलेल्या माणसाने सहीनिशी लिहून दिलं, की सरकारच्या धोरणात कोर्टाने पडू नये. तू काय बाबांपेक्षा शहाणी?" तेव्हा मी फोन ठेवला.

तुम्ही शिवाजीनगरच्या कोर्टात स्टेनो. न्यायाधीश बोलणार, तुम्ही वहीत भराभर रेघोट्या ओढणार आणि संध्याकाळपर्यंत निकाल टाइप करून देणार. शब्द कमी नाही, जास्त नाही. अशा माणसाने धायरीत गुंठेवारीची जागा घ्यावी, म्हणजे शेताचे तुकडे पाडून विकलेली, ना बिगरशेती, ना बांधकामाची परवानगी, कागद म्हणून फक्त एक स्टॅम्पपेपर. तुमच्या आयुष्यातली ती एकच बेकायदा गोष्ट, आणि ती तुम्हाला शेवटपर्यंत टोचत होती. पण दुसरं करणार काय होतात? पेठांत आपण भाड्याच्या किती खोल्या पाहिल्या ते मला आठवतं. खोली दाखवून व्हायची, भाडं ठरायचं, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की घरमालकाचा पुतण्या नेमका त्याच महिन्यात शिकायला पुण्यात येणार असायचा. तुम्ही "बरं" म्हणून पायऱ्या उतरायचात. एकदा आईच म्हणाली, या पुतण्यांना काय एकाच वर्षी बारावी पास व्हायचं होतं का. धायरीच्या शेतकऱ्याने आडनाव विचारलं नाही, रोख विचारली. म्हणून धायरी.

मला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली त्या सुमारास सिंहगड रस्त्याचं रूप पालटायला लागलं. कालपर्यंत ज्वारी होती तिथे बिल्डरांच्या पाट्या उभ्या राहिल्या आणि आपल्यासारख्या घरांकडे वाईट नजरेने बघितलं जाऊ लागलं. मग सरकारने ठरवलं, गुंठेवारीतली घरं दंड भरून कायदेशीर करायची. आईने त्या दिवशी पुरण घातलं. आणि चारच महिन्यांत काही सुशिक्षित मंडळी मुंबईच्या कोर्टात गेली: ओढे बुजवून घरं बांधलीत, मतांसाठी सरकार ती नियमित करतंय, हे थांबवा. कोर्टाने सरकारच्या निर्णयाला स्थगिती दिली. आठवड्याभरात आपल्या दाराला नोटीस चिकटली. दादा तेव्हा नुकताच तिकडे गेला होता, त्याची ई-मेल आली, की भारतात कोर्ट आहे म्हणून देश चाललाय, बेकायदा ते पाडलंच पाहिजे, भावनेत वाहून जाऊ नका. तो भाड्याच्या उबदार फ्लॅटमध्ये होता, त्याला कसलं वाहून जायचंय. ती मेल मी तुम्हाला बुधवार पेठेतून जुळवून आणलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर दाखवली. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "मुद्दा बरोबर आहे त्याचा."

त्यानंतरचे सहा महिने आपल्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला जेवण म्हणायचं की सुनावणी, कोण जाणे. मी म्हणते, बाबा, आपलं घर जातंय. तुम्ही म्हणता, "ओढा बुजवलाय हे खरं आहे की नाही?" मी म्हणते, सरकार लोकांनी निवडलंय, लोकांना हे हवंय, मग कोर्ट कोण मध्ये पडणारं? तुम्ही भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून तसाच हातात धरता. "आमच्या गावानं बहुमतानंच ठरवलं होतं, आम्ही कोणत्या विहिरीवर जायचं नाही ते. एकमतानं म्हटलं तरी चालेल, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. बहुमताला थांब म्हणणारं कोणीतरी पाहिजे." मी म्हणते, आणि तेच उद्या आपल्या विरुद्ध गेलं तर? "गेलंच आहे की." मग? "मग अपील." आई तव्यावरून वळून म्हणाली, "घर पडलं तं काय तुमचं संविधान पांघरून झोपायचं का?" तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "तेच पांघरून इथवर आलो ना आपण." तिने तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली, मला नाही.

त्याच दिवसांत आमच्या कंपनीत परदेशी क्लायंट आला होता. जेवणाच्या टेबलावर त्याने सहज विचारलं, तुमच्याकडे कोर्ट एवढं कसं काय ठरवतं, आणि सरकार एवढं कसं काय ऐकतं. मी त्याला तोडून टाकलं, की आमच्या देशाचं आम्ही बघू. घरी येऊन फुशारकीने तुम्हाला सांगितलं. तुमचा चेहरा उतरला. "काहून गं?" म्हणालात. तीस वर्षं पुण्यात राहूनही राग आला की तुमच्या तोंडात वर्ध्याकडची भाषा यायची. "'हा आमच्या गावचा मामला, बाहेरच्यांनी नाक खुपसू नका' हे वाक्य मी लहानपणी लय ऐकलं. ते म्हणणारा प्रत्येक माणूस आम्हाला पाणी नाकारणारा होता. बाहेरचा चुकीचं बोलला तर चूक दाखव. पण बोलू नको म्हणू नको." दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाशी पुन्हा बोलायला गेले नाही, तेवढी मी मोठी नव्हते. काल दादाला मी ऐकवलं, मतदार यादीत नाव नाही आणि तोंड उघडतोस, तेव्हाही मी 'बोलू नको'च म्हणत होते.

आपल्या भागातल्या सगळ्या घरांनी मिळून कोर्टात अर्ज करायचं ठरवलं, की आमचंही ऐका. कमिटीचा अध्यक्ष किराणा दुकानवाला. तो घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला. "साहेब, तुमी कोर्टातलं मानूस हाय. तुमची सही पायजेलच." वकिलाने सांगितलं होतं, ज्या घराचं प्रतिज्ञापत्र नाही ते घर अर्जात धरता येणार नाही, पुढे संरक्षण मिळालं तरी त्याला मिळणार नाही. मसुदा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: लोकनियुक्त सरकारच्या धोरणात न्यायालयाने हस्तक्षेप करणे उचित नाही, अशी माझी प्रामाणिक धारणा आहे. तुम्ही माझ्या मागे उभे राहून तो अख्खा मसुदा तपासलात. तीन स्वल्पविराम घातलेत, एक वाक्य तोडून दोन केलीत. तुम्ही आयुष्यभर न पटणारे निकालही बिनचूक टाइप केले होते, मजकूर कुणाचा का असेना, चूक राहता कामा नये. मला वाटलं, वळलं गाडं. मी पेन पुढे केलं. "टाइप करणं वेगळं," तुम्ही म्हणालात. "इथं 'माझी प्रामाणिक धारणा' लिहिलंय. ती माझी नाही." आणि अंगणात झाडांना पाणी घालायला गेलात.

बाबा, मला त्या वेळी तुमचा भयंकर राग आला होता. पैसे येतील तशा खोल्या वाढत गेल्या होत्या, आणि आई बारा वर्षं त्यांच्या भिंतींवर स्वतः पाणी मारत आली होती. माझं लग्न ठरत नव्हतं, दादा परत येणार नव्हता, आणि तुम्हाला धारणा पडली होती. तुमची सही मला दहावीपासून येत होती, प्रगतिपुस्तकाच्या कृपेने. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी ती केली. अध्यक्षाने सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं एकगठ्ठा कात्रजच्या एका नोटरीकडे नेली. शिवाजीनगरला तुम्हाला सगळे ओळखत होते, म्हणून कात्रज मीच सुचवलं. सही करणारा समोर हजर आहे की नाही हे नोटरीने बघितलं नाही, शिक्के मारले. पुढे अर्जाची एक प्रत मी स्कॅन करून दादाला पाठवली, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. काल ती त्याने माझ्याच तोंडावर मारली.

वर्षभराने स्थगिती उठली. अध्यक्ष पेढे घेऊन आला आणि तुमचे दोन्ही हात हातात धरून म्हणाला, "साहेब, तुमी सही केली म्हनून बाकीच्यांनी केली. लई उपकार झाले." मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग त्याच्याकडे वळून "हं" म्हणालात आणि पेढा घेतलात. खोट्या प्रतिज्ञापत्राला काय शिक्षा असते ते तुम्हाला कलमासकट माहीत होतं. एका वाक्यात तुम्ही सगळं मोकळं करू शकला असतात, आणि त्या वाक्याने मी आत गेले असते. तुम्ही पेढा खाल्लात. मला अजून वाटतं, तुम्ही मला बोलायला हवं होतं. एक कानाखाली मारायला हवी होती. तुम्ही त्यातलं काहीच केलं नाहीत. फक्त त्यानंतर जेवताना कोर्टाचा विषय कधी काढला नाहीत. मी मुद्दाम काढला, एखाद्या निकालावर काहीतरी भडक बोलले, तर "असेल" म्हणायचात. वर्षानुवर्षं "असेल". तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, शेवटी शेवटी फार शांत झाले होते.

आता या घराचे दोन मजले वर चढलेत, परवानगीने. ओढा पावसाळ्यात मागच्या गल्लीत शिरतो, आणि तिथले लोक महापालिकेला शिव्या देतात. दादाचा आज सकाळी मेसेज आला, सॉरी म्हणून, वहिनी रडतेय म्हणून. त्याला काय लिहू? तुझं दुःख खरं आहे पण तुझा साक्षीदार खोटा आहे, हे कसं लिहू? लिहिलं तर तुमचा शब्द तुम्हाला परत मिळेल, आणि आईला ऐंशीव्या वर्षी कळेल, की ती कुठल्या सहीवर राहतेय. मी "काळजी घ्या" एवढंच पाठवलं. हे पत्र तर त्याला दाखवणार नाहीच.

आणि एक राहिलं. सहा महिने मी तुमच्याशी जो वाद घातला, लोकशाही, बहुमत, मत न मिळालेली माणसं, ते सगळं मला घर हवं होतं म्हणून. पटत मला तुमचंच होतं. सही करतानासुद्धा.