देवाला दिलेलं स्टेशन

माय, तुझं स्टेशन परवा देवाला दिलं. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला पहिल्यांदा काही लिहितोय, आणि तेही हे.

तू तिथली पाणीवाली. काळ्या दगडाच्या भिंतीत रांजणांसाठी कोनाडा काढलेला होता, आणि भिंत एवढी रुंद की भर वैशाखातही खालची फरशी ओलसर असायची. दर्शनी बाजूला तीन कमानी, वर कौलं, कौलांच्या कडेनं कातीव लाकडाची झालर. पाटीवर गावाचं नाव मराठीत आणि उर्दूत. उतारूंच्या खोलीचं छत उंच होतं. शाळेत पाठ केलेली कविता मी तिथं जाऊन मोठ्यानं म्हणायचो, कारण ती खोली माझी प्रत्येक ओळ जरा भारदस्त करून परत द्यायची. "लोकं निजलेत, कावून वरडतो?" तू तांब्या उगारायचीस. एकदा एक म्हातारा उतारू तुला म्हणाला, "म्हणू द्या बाई, गाडीला लई वेळ हाय." तू पदर सावरून दाराशी उभी राहिलीस, शेवटच्या कडव्यापर्यंत हलली नाहीस. ती कविता तुला माझ्यापेक्षा जास्त कळली होती, असं मला अजून वाटतं.

पुढं रूळ मोठे करायचे ठरले, नवा मार्ग गावापासून लांबून गेला आणि आपलं स्टेशन रुळांवाचून उभं राहिलं. आपल्या गावात चोर नव्हते, माय. असते तर थोडंफार उरलं असतं. आधी घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मारुतीच्या देवळात नेला. देवासाठी नेलं की ते नेणं होत नाही, हे आपल्याकडचं शास्त्र. मग सप्त्याच्या मांडवाला सागवानी तुळया गेल्या. तुळया गेल्यावर कौलं खाली आली, आणि पडलीच आहेत म्हणून घरोघर गेली. तिकिटाच्या खिडकीचे गज कुणाच्या तरी खुराड्याला लागले. देवानं वाट पाडून दिली आणि गाव तिच्यावरून चालत राहिलं.

शेवटी उरल्या तीन कमानी आणि तुझा कोनाडा. मागच्या आठवड्यात सरपंच घरी आले. देवळापुढं सभामंडप बांधायचा, केजचा मिस्त्री ठरलेला, दगड तर आयताच घडवलेला. "नाना, ष्टेशनात वाढलेलं माणूस आता तुमीच राह्यलात. नारळ तुमच्याच हातनं फुटला पायजे."

मी म्हटलं, "ते उभं राहू द्या."

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारत होते. "गाडी येणार हाय का तिथं?"

एवढ्या कविता पाठ, आणि मी विचारलं ते एवढंच, नारळ किती वाजता फोडायचा.

पाडायच्या सकाळी कोनाड्यापाशी एक धनगरीण शेरडं सोडत होती. पावसापाण्याला तिचं बिऱ्हाड तिथंच असतं. लोक पहारी घेऊन आलेले पाहून ती सरपंचांना म्हणाली, "देवाला मंडप लागतो व्हय? त्याला ऊन लागतंय का माझ्या शेरडांवानी?"

सगळे हसले. सरपंचही हसले. "गप की मावशे, देवाचं काम हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वयाचा माणूस आहे, काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. मी हातातल्या नारळाची शेंडी नीट करत राहिलो. ती शेरडं हाकत पाली गावाच्या अंगाला निघून गेली. तुझ्या स्टेशनासाठी बोलणारी ती एकटीच, आणि ती गावची नव्हती.

मी नारळ फोडला. मधल्या कमानीचा माथ्याचा दगड निघाला, तशी बाकीची कमान फार वेळ थांबली नाही. आता देवळापुढं ढीग पडलाय. त्यात तुझ्या कोनाड्याचे दगड कुठले, मी शोधून पाहिलं. ओळखू येत नाहीत.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तुला वाचून दाखवलेलं मला सोसणार नाही. एक मात्र सांगतो. त्या धुरळ्यात कुणीतरी माझ्या हातावर खोबरं ठेवलं. गोड होतं, माय. मी सगळं खाल्लं.