अठरा कलमं आणि एक विहीर

मी, मालिनी वसंत आठल्ये, वय पंचाहत्तर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार पावस, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे दीर राजाभाऊ तो मागणारच. खालील मिळकत माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे.

१. बँकेतली ठेव उन्मेष, सुजय आणि ऋजुता या माझ्या तिन्ही मुलांना समसमान द्यावी. पैसे मोजूनच वाटायचे असतात.

२. राहतं घर ऋजुताचं. संसार मोडल्यावर ती माहेरी आली. ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांची कूस बदलण्यापासून बागेच्या फवारणीपर्यंत सारं तिनेच केलं. माझ्यामागे तिला कोणी "आता तू कुठे जाणार?" असं विचारता कामा नये.

३. कातळावरची अठरा हापूस कलमं. घोडं पेंड खातं ते इथेच. ह्यांच्या तेराव्याला राजाभाऊ भर पंगतीत म्हणाले, "वैनी, पोरं तीन, वाटे तीन. ह्यात शिकवण्यासारखं काय आहे?" मुंबईहून उन्मेषचा फोनही तसाच: "आई, सहा-सहा करून टाक गो. आमची आम्ही विकू." उरलेल्या सहा कलमांवर ऋजुताचं भागणार नाही, हे त्या भाबड्याच्या ध्यानातही आलं नाही.

राजाभाऊ, शिकवण्यासारखं आहे. मी जन्मभर तेच शिकवलं. टेबलावर डझनभर हापूस आणि डझनभर सुपाऱ्या ठेवून वर्गाला विचारायची, "संख्या सारखी, मग ओझं सारखं का नाही?" मोल म्हणजे असाच एक अवाढव्य डझन. एक मोल पाणी अठरा ग्रॅम भरतं. त्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचा एकच. पण त्या अठरा ग्रॅममध्ये हायड्रोजन मिळून दोन ग्रॅम आणि ऑक्सिजन सोळा.

म्हणून सोळा कलमं ऋजुताला, एकेक उन्मेष आणि सुजयला. मुलांनो, रागावू नका. हायड्रोजन हलका असतो, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. तुम्ही दोघंही माझ्या पोटचे आहात आणि मला फार आवडता. आपापल्या कलमाचे आंबे उतरवायला मात्र स्वतः यायचं, माणूस पाठवायचा नाही.

४. माझा पितळी तराजू वजनांसह राजाभाऊंना द्यावा. मोजण्याआधी तोलायची सवय लावायला अजून उशीर झालेला नाही.

५. बागेतली विहीर तिघांची, अविभक्त. ती वाटू नये, विकू नये, तिच्यावरच्या पंपावरून भांडू नये. तिघं एकत्र राहिलात तरच ते पाणी. सुटे झालात तर नुसते वायू, आणि वायूने कोणाची तहान भागत नाही.

ठिकाण: पावस
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४
सही: मालिनी वसंत आठल्ये

साक्षीदार १: भागोजी पाष्टे, शेजारी

साक्षीदार २: डॉ. सानिका साळवी, माजी विद्यार्थिनी. (बाईंनी सहीआधी तपासायला लावलं. तपासलं. गणित बरोबर आहे, बाई.)