तार कशानं तुटते

८ नोव्हें., शनि.
पोरीच्या दातांची तार पुन्हा तुटली. शाळा सुरू झाल्यापासूनची तिसरी. मुक्ताला घेऊन पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो, मेडिकलचं दुकान अर्धा दिवस बंद. दाताच्या डॉ. मॅडम नागपूरहून एक शनिवार सोडून एक येतात, आणि शनिवार म्हणजे जामसांवलीच्या हनुमानाची गर्दी. अर्धा रस्ता पहिल्या गियरमध्ये.

मॅडमनी विचारलं, "काय खाल्लंस गं? फुटाणे? ऊस? बर्फ?"

"काहीच नाही," मु. म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी मु.कडं. बारावीतली पोरगी आणि तोंडावर खोटं. येताना रस्ताभर मीच बोललो. मागच्या सीटवर ती आहे की उतरली, हे सुद्धा कळू देत नव्हती.

१० नोव्हें., सोम.
सुनंदानं फुटाणे, चिवडा, शेंगदाणे सगळं वरच्या फळीवर चढवलं. मला आता स्टूल घेऊन चोरून खावं लागते. दिवसभर सावरगावच्या शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळते आणि घरी आली की राग नवऱ्यावर.

"तुमी तिले चोरच करून टाकलं. नाही खाल्लं म्हणते ना ती."

"मग तार काय हवेनं तुटली?"

रात्री खिचडी. कालही खिचडी. तारा पोरीला, पथ्य बापाला.

१४ नोव्हें., शुक्र.
मु.च्या ओठांचे कोपरे लाल. खाज. तोंडात आग होते म्हणे, वरण सुद्धा तिखट लागते. दुकानातलं जेल दिलं. फरक नाही. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. फरक नाही. माऊथवॉशची आधीची बाटली संपली होती, आज नवी दिली, ती निळी, फ्लोराइडवाली. म्हटलं जंतू असतील तर मरतील.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक: "भाऊ, तुमच्याच पोरीचं तोंड असं, मंग आमाले काय औषध द्याल?"

हसण्यावारी नेलं. दिवसभर डोक्यात.

१९ नोव्हें., बुध.
सु.नं टॉर्च लावून मु.चं तोंड पाहिलं. मला बोलावलं. ८ तारखेला लावलेली नवी तार, स्टीलच्या नव्या चमच्यासारखी चमकत होती. आता राखेच्या रंगाची. हिरड्या सुजून दातांना चिकटवलेल्या ब्रॅकेटवर चढलेल्या. मॅडमना फोन. "शनिवारी आणा." बरं. सगळं जग शनिवारी.

२२ नोव्हें., शनि.
मॅडमनी आज खाण्याचं विचारलंच नाही. तार काढून भिंगाखाली धरली, बराच वेळ. मग म्हणाल्या, "मुक्ता, चूळ कशानं भरतेस?"

"माऊथवॉशनं."

"कोणत्या?"

उत्तर मीच दिलं. थोडं ऐटीत, आता लिहिताना कळून राहिलं. म्हटलं माझ्याच दुकानातला, चांगल्या कंपनीचा.

मॅडम समजावून सांगू लागल्या. ही तार निकेल आणि टायटॅनियमची. धातूवर एक पातळ साय असते, दिसत नाही, पण तीच तारेला वाचवते. फ्लोराइडचा आंबटसर माऊथवॉश वारंवार लागला तर ती साय खाल्ली जाते. तार खडबडीत होते, ठिसूळ होते, तुटते. निकेलही थोडं थोडं सुटते. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. मग लाली, खाज, आग.

मी म्हटलं, "मॅडम, बाटलीवर तर दातांसाठी उत्तम म्हणून छापलं आहे."

"दातांसाठी चांगलंच आहे, काका. दिवसातून एकदा घेतलं तर तारेलाही सहसा काही होत नाही." मग मु.कडं वळून, "तू किती वेळा घेतेस?"

"दोनदा."

मॅडम म्हणाल्या, दोनदानं तार इतकी खराब व्हायला नको. म्हणजे माऊथवॉश असेल, नसेल, तारेचीच खोट असेल. निकेलची ॲलर्जी पाहायला नागपूरच्या चामडीच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. सगळ्यांचं असेल-नसेल. गाडीत पेट्रोल मात्र नक्की लागते.

२३ नोव्हें., रवि.
हे नीट लिहून ठेवतो.

सकाळी सु. धुवायला म्हणून मु.ची बॅग रिकामी करत होती. आतून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली निघाली. उघडली तर निळा माऊथवॉश. अर्धी संपलेली. सु.नं ती माझ्यासमोर ठेवली. मी पोरीला हाक मारली. ती जिन्यात उभी राहिली, खाली येईना.

"मॅडमले दोनदा म्हणालीस ना?"

तिची नजर बाटलीवर.

"खरं सांग. किती वेळा?"

"कोचिंगले जायच्या आधी. मग तिथं नळावर. दर पिरेडनंतर. मग घरी आल्यावर."

"काऊन पण?"

मग का ते तिनं सांगितलं. जुलैमध्ये कोचिंगमधली एक पोरगी उठून दुसऱ्या बाकावर गेली. सरांनी कारण विचारलं. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मुक्ताच्या तोंडाचा वास येते. पोरं हसली. सर सुद्धा हसले. तेव्हापासून मु. शेवटच्या बाकावर एकटी बसते. शंका आली तरी विचारत नाही.

मला वाटून राहिलं होतं की पोरगी अभ्यासात मागं पडून राहिली.

म्हटलं, "काही वास-बीस येत नाही. लोकांचं काय ऐकते."

"तुमी बाबा आहे. तुमी तेच म्हणाल."

मग खाली आली. अगदी माझ्या नाकासमोर तोंड आणून 'हा' केलं. "आता सांगा. खरं सांगा."

आधी पुदिना. त्याच्या मागं दुसरा वास. दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाला असा वास आला असता तर मी काउंटरपासून मागं सरकलो असतो. सु. दारातून मला डोळ्यांनी नको म्हणत होती.

म्हटलं, "येते."

वाटलं आता रडेल. ती पायरीवर बसली. म्हणाली, "आईले कितीदा विचारलं. ती नाहीच म्हणे. मले वाटलं मले वेडच लागून राहिलं."

सु. आत गेली. किती तरी वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

नंतर मी विचारलं, ब्रश का नाही करत नीट? तर म्हणे ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येते. मग ब्रश कमी, चूळ जास्त. आणि भरीला मीच बाटल्या पुरवून राहिलो.

२५ नोव्हें., मंगळ.
माऊथवॉशच्या कंपनीचा माणूस आला, नवीन चवीचं सॅम्पल घेऊन. विचारलं, ब्रेसेसच्या तारेवर याचा काय परिणाम होतो?

"सर, दिवसभर फ्रेश."

"तारेचं विचारून राहिलो."

"सर, यात अल्कोहोल पण नाही."

तिसऱ्यांदा विचारलं नाही. सॅम्पल परत दिलं. तो समजला मला जास्त स्कीम पाहिजे, दहावर एक बाटली फुकट वगैरे.

२८ नोव्हें., शुक्र.
नागपूर. मु.च्या पाठीवर ॲलर्जी तपासायच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या घेऊन परत. पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. संत्र्याच्या गाड्यांत अर्ध्या वाटेपर्यंत अडकलो. मु.ची पाठ खाजते, माझं डोकं.

कोचिंगला ती सोमवारपासून गेली नाही. सरांना फोन लावून चार शब्द ऐकवणार होतो. मु. म्हणाली, "तुमी फोन केला तर मी कधीच जाणार नाही." फोन खाली ठेवला.

६ डिसें., शनि.
मॅडमना सगळं सांगितलं, म्हणजे मु.नंच सांगितलं. मी बाहेर बसतो म्हणालो तर तिनं थांबवलं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिली तार तुटली तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मी फुटाण्यातच अडकले." वास कशाचा तेही सांगितलं. ब्रॅकेटभोवती अन्न अडकते, हिरडी सुजते, सुजली की दुखते म्हणून ब्रश नाही, म्हणून आणखी सूज. माऊथवॉश वरून नुसता झाकून राहिला होता. आता तारा सगळ्या काढल्या, ब्रॅकेट तसेच. आधी हिरड्या. बारीक ब्रश दिला, रक्त आलं तरी थांबायचं नाही. चूळ साध्या पाण्यानं.

मी म्हटलं, "मॅडम, तार माऊथवॉशनंच खाल्ली, हे पक्कं ना?"

"पक्कं कळायला तार लॅबमध्ये जायला पाहिजे, काका. माझा अंदाज आहे. चांगला अंदाज आहे."

पाठीचा रिपोर्ट आला: निकेलची सौम्य ॲलर्जी असू शकते. यांच्या घरी 'आहे' हा शब्द नाहीच.

पुढं दोन रस्ते. निकेल नसलेली तार लावायची, काम हळू होईल, बारावीनंतरही चालेल. नाही तर सगळं काढून टाकायचं, दात हळूहळू मागं सरकतील. मॅडम म्हणाल्या, मुक्ता ठरवेल.

गाडीत सु. म्हणे काढून टाका. मी म्हणे अर्ध्यावर सोडायचं? सु. म्हणे दात तुमचे आहेत काय? मु. खिडकीबाहेर.

१५ डिसें., सोम.
मोहगावचा एक जण आला. पोराला तारा लावल्या, तो निळा माऊथवॉश द्या. मी विचारलं, दिवसातून किती वेळा घेते? डॉक्टरनं सांगितला काय? हिरड्यांतून रक्त येते काय?

"तुमी मेडिकलवाले की पोलीस?"

समोरच्या दुकानातून घेऊन गेला. संध्याकाळी सु.ला सांगितलं. कित्येक दिवसांनी ती हसली, माझ्यावर का होईना.

मु.च्या ओठांची लाली बरीच उतरली. वरणात तिखट चालते. खिचडी बंद. कोचिंगचा विषय कोणी काढत नाही.

२० डिसें., शनि.
सौंसर. पुन्हा गर्दी, पुन्हा दुकान बंद. हिरड्या चांगल्या आहेत. मॅडमनी नवीन तार ट्रेमध्ये काढून ठेवली होती.

"काय ठरवलंस?"

"आज नाही सांगत," मु. म्हणाली. "पुढच्या वेळी चालेल?"

चालेल, मॅडम म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही. अर्धा दिवस, एवढा रस्ता, आणि पोरगी म्हणते आज नाही. ओठांवर आलं होतं, गिळलं.

पांढुर्ण्यात शिरताना तिनं मागून खांद्याला हात लावला. "बाबा, घरी नका नेऊ. कोचिंगपाशी सोडा."

बॅग सोबत घेतली होती हे मला तेव्हा दिसलं. गाडी थांबवली. ती उतरली, फाटकापाशी उभी राहिली. आतून पोरांचा आवाज येत होता.

"जा ना मग."

"तुमी जा आधी."

गेलो. वळणावर थांबून पाहावं असं वाटलं, पण ती अजून माझ्याचकडं पाहून राहिली असती तर काय करणार होतो? दुकान उघडलं. आता साडेपाच. कोचिंग सहाला सुटते.