नव्या पैशांपायी लांबलेला बघण्याचा कार्यक्रम

अकोला,
१८ मार्च १९५७

गृहसाम्राज्याची अधिष्ठात्री सौ. सुभद्रा हीस सप्रेम आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे. खाणावळीतले वरण आता पाण्याहून वेगळे ओळखू येते, तेव्हा चिंता नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

एक एप्रिलपासून आण्यांचे राज्य अस्तंगत होऊन नव्या पैशांचा उदय होणार. तत्प्रीत्यर्थ आमच्या जिनिंग कंपनीत भिंतोभिंती रूपांतराचे तक्ते लागले असून, दोन्ही पद्धतींनी हिशेब लिहिण्याचा सराव अखंड चालू आहे. कचेरीत ‘आणा’ हा शब्द उच्चारणाऱ्यास दंड होतो. परवा खुद्द शेटजींनी तो उच्चारला आणि तत्काळ स्वतःस माफी दिली.

येत्या रविवारी आपल्या शालूला पाहायला पाहुणे येताना मी घरी नसलो, तर माझी गती काय होईल, हे तुझ्या पत्रावरून सुस्पष्ट झाले.

परंतु आज मुलाचे वडील जानराव स्वतःच बाळापूरहून आले. तेही तिथल्या कंपनीत हिशेबनीस. मान खाली घालून म्हणाले, “खुशालराव, रागावू नका. या नव्या पैशाच्या तयारीपायी मले सुट्टीच नाही भेटून राहिली. पोरगी पाहाचं एप्रिलात केलं तं चालन काय?”

मी दीर्घ निःश्वास सोडला, चष्मा पुसला आणि अलौकिक औदार्याने त्यांना क्षमा केली.

“तुमी म्हंजे लय मोठ्या दिलाचे!” असे ते सद्गदित होऊन म्हणाले, आणि आमचा तक्ता उतरवून घेऊन गेले.

शालूला सांग, सासरा भला मिळेल. केलेला चिवडा संपवून टाका.

माझी रजा शेटजींनी शनिवारीच नामंजूर केली होती, ही क्षुद्र बाब मात्र व्याह्यांच्या कानी जाऊ नये.

तुझा क्षमाशील,
खुशालराव