टोकाचा माणूस मोकळा सोडायचा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

काल पुन्हा हरलो. बावीस–शून्य! अमेरिकन फुटबॉलची टीम म्हणून शहापुरात आमची एकटीच, आणि या मोसमात सगळ्यांकडून मार खाल्लेली पण आमचीच. आमच्याकडे डाव एकच — बॉल हरेशच्या पोटाशी द्यायचा आणि त्याला मधून घुसवायचं. तो डाव आता अख्ख्या जिल्ह्याला पाठ झालाय. हरेशचा खांदा सुजलाय.

माझा गुडघा ठणकतोय. ललिता म्हणाली, "कबड्डी शिकवत होतात तेच बरं होतं की." बायकोशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

८ ऑक्टोबर

ऑप्शन नावाचा डाव घालायचा. ठरलं. मोबाईलवर बघून बघून डोळे चुरचुरतायत.

समोरच्यांचा टोकाचा एक माणूस मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कुणी अडवायचं नाही. बॉल आमच्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे डाव चालवणाऱ्या दीपेशकडे. टोकाचा माणूस दीपेशवर आला, तर दीपेशनं बॉल बाजूनं पळणाऱ्या वाल्मिककडे सोडायचा. टोकाचा वाल्मिककडे वळला, तर दीपेशनं स्वतःच घेऊन पळायचं. ठरवायचं धावता धावता. बाहेरून मी काही सांगू शकत नाही.

खरं कारण इथेच लिहितो. दोन नोव्हेंबरला मुरबाडला निवड सामना आहे. निवड करणारे मनोजसर पुण्याहून बघायला येणार. ज्याची निवड होईल त्याला पुण्याच्या वसतिगृहात जागा — राहणं, जेवण, कॉलेज, सगळं. दीपेश कातकरीवाडीतला. दिवाळी झाली की त्याचा बाप चांगो बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातो. गेल्या वर्षी दीपेश पण गेला, अकरावी बुडाली. जागा मिळाली तरच तो थांबेल. आणि नुसता हरेशला बॉल देत राहिला, तर त्याच्याकडे बघणार कोण?

१० ऑक्टोबर

सरावाला सहा जण. बाकीचे भातकापणीला. हरेशला चार वेळा सांगितलं, टोकाच्याला अडवू नको. चारही वेळा त्यानं त्याला आडवा केला. "सर, अंगावर आलेला कसा सोडू? जमतच नाय."

१३ ऑक्टोबर

आज हसावं की रडावं! दीपेश बॉल घेऊन सुटला. समोर मोकळं मैदान, चाळीस यार्ड. टोकाच्या पोराला ओझरता हात लागला मात्र — दीपेश गर्रकन वळला आणि आपल्याच बाजूला सुसाट! मध्यरेषा ओलांडून थांबला. वर तोंड करून म्हणतो, "शिवलो ना मी त्याला!"

सात वर्षं कबड्डी मीच शिकवली याला. ओरडणार कुणावर?

१७ ऑक्टोबर

टोकाला माणूस कमी होता म्हणून मीच उभा राहिलो. वीस वेळा धावलो. गुडघ्याचं पार भुस्कट झालं.

पहिल्या दहा वेळा दीपेश माझ्यासमोर येऊन थांबायचा — "सर, काय करू?" शेवटी ओरडलो, "मी आता सर नाय रे! मी समोरचा आहे!" त्यानंतर मात्र चुकला नाही. मी अंगावर गेलो की बॉल वाल्मिककडे. मी वाल्मिककडे झुकलो की हा पसार. कसं कळतं विचारलं. "तुमच्या कमरेकडं बघतो. कबड्डीत पण माणूस आधी कमरेतून येतो." हे मी त्याला कधी शिकवलं, आठवत नाही. खूप दिवसांनी बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सराव नाही. दिवसभर झोपलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

वाडीवर गेलो. लहानीनं, दीपेशच्या आईनं, भांडी पोत्यात बांधून ठेवलीयत. चांगो उंबऱ्यावर बसला होता. म्हणाला, "सर, मुकादम बोलावतोय. पन सात तारखेपर्यंत थांबतो मी. पोराचं झालं तर त्याला ठेवून जातो. नाय झालं तर हात पायजेत आमाला."

मी शब्द दिला — यादी लागली की स्वतः येऊन सांगेन. त्याचा विश्वास बसला. मला तो जड झाला.

२ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो. वीस–चौदा. या वर्षी पहिल्यांदा!

आणि मला मैदानात बसून रडावंसं वाटत होतं. त्यांचा टोकाचा पोरगा दर वेळी दीपेशवरच आला. दर वेळी! दीपेशनं दर वेळी बॉल सोडला आणि आपटी खाल्ली. वाल्मिकनं तीनदा बॉल शेवटच्या रेषेपार नेला, तीन टचडाऊन. लोक वाल्मिकच्या नावानं ओरडतायत, मनोजसर मान खाली घालून वहीत लिहितायत.

मध्यंतरात त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, आता दोन वेळा तरी स्वतः ने. काहीही होवो, ने. तो म्हणाला, "पन सर, तो माझ्यावर येतोय. तुमीच सांगितलंय ना, आला की सोडायचा." मान खाली घातली मी. आपल्या गुरूनं खोटं खेळायला सांगितलं, हे त्याला कळलं असणार.

मध्यंतरानंतरही त्यानं बॉल सोडलाच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी यादी आली मोबाईलवर. कॉलेजच्या दारातच उघडली. पाच नावं. आमच्यातला एक — वाल्मिक. दीपेश नाही. मोबाईल खिशात टाकला आणि तसाच वाडीवर गेलो. असल्या गोष्टी लांबवल्या की जास्त दुखतात.

चांगोला म्हटलं, "नाय झालं. वाट बघू नका." त्यानं मान हलवली. लहानी चहा ठेवायला उठली, मी नको म्हटलं. दीपेशनं विचारलं, "वाल्मिकचं झालं ना? मंग डाव चालला आपला." चेष्टा नव्हती ती. मनापासून विचारत होता.

घरी आलो. मी चुकलो, हा डाव घालायलाच नको होता. थकलोय. फार थकलोय.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मनोजसरांचा फोन. "कुंडलिकसर, क्वार्टरबॅकची यादी आज लागली. गुरुवारची नुसती पळणाऱ्यांची होती. तुमचा सात नंबरचा दीपेश पहिला! नऊ वेळा बॉल सोडला, एकदाही चुकला नाही. बुधवारी पुण्याला हजर करा."

बाईक काढली. वाडीवर चांगोच्या दाराला काटेरी फांदी लावलेली. शेजारची सकुबाई म्हणाली, "काल फाटंचीच गेली गाडी. तुमीच सांगितलंत ना, थांबू नका म्हणून." चांगोचा फोन बंद.

गुरुवारी मी नावं वाचली, वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. आणि भट्टी कुठली, तेही विचारलं नाही.