टाकीखालची खरखर

प्रिय ठमे,

चादरी मशीनमध्ये फिरत होत्या, ओटा पुसून झाला होता आणि दुधावर एक डोळा ठेवून मी भांडी जागेवर लावत होते, तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला. मला वाटलं, मशीनच. ते बंद केलं तरी खरखर चालूच. तुझ्या बाबांच्या माशांच्या टाकीखालचं कपाट उघडलं, तर पाणी गाळणारा तो फिल्टरचा डबा, कुणी खडे घालून हलवावा तसा वाजत होता. तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या दिवसापासून माझं आणि त्या डब्याचं पटलेलं नाही.

फोनवर तू ऐकलाच आहेस तो आवाज. 'आई, गिरणी टाकलीस का?' म्हणून हसलीसही. आपलं ठरलेलं मी विसरले नव्हते. तुझ्याकडे माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत. टाकी तेवढी मावत नाही. ती खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यायची आणि मी कायमची तुझ्याकडे यायचं. डॉक्टर टाकी बघायला आले, आवाज ऐकला आणि त्यांनी हातच जोडले. म्हणाले, काकू, माझ्याकडे माणसं आधीच घाबरून बसलेली असतात, त्यात बाहेरच्या खोलीत हे असं ऐकू आलं तर खुर्चीपर्यंत येईल कोण? आधी याला गप्प करा, मग खाली आणा. झालं, डबा गप्प होईपर्यंत माझं निघणं अडलं.

जावईबापूंनी व्हिडिओ पाठवले. प्रत्येकात एक हसरा माणूस तो डबा रिकामी पिशवी उचलावी तसा उचलतो. भरलेला उचलून दाखव म्हणावं एकदा! आत हवा अडकली असेल, तिरका करून हलवा, असं जावईबापूंचं म्हणणं. हलवला. बुडबुडे भसाभसा वर आले, खरखर थांबली, मी विजयी मुद्रेने खुर्चीत बसले आणि चष्मा पुसून पुस्तक उघडते तोवर पुन्हा सुरू. मग नळ्या सोडवल्या, झाकण उघडलं, आतली पाणी फिरवणारी चक्री काढून दातांच्या जुन्या ब्रशने घासली. बुळबुळीत थर गेला, आवाज नाही गेला. झाकणाचं रबर कोरडं पडलं असेल म्हणून त्याला वंगण लावलं. डबा कपाटाला टेकून थरथरत असेल म्हणून खाली जुन्या चटईचा तुकडा घातला. माशांच्या दुकानवाल्याने तर माझं अर्धंच ऐकून नवा फिल्टर समोर मांडला. म्हटलं, बाबा रे, कान दुखतो म्हणून कुणी डोकं बदलत नाही. तर म्हणतो, आजी, डोकं बदलून मिळत नाही, फिल्टर मिळतो.

सगळ्यात जास्त राग आला तो तुझ्या बाबांचा. त्या टाकीत मला त्यांनी कधी बोट बुडवू दिलं नाही. 'तू तुझी पुस्तकं वाच, माझं तळं मी बघतो.' आता बघा म्हणावं! माणसाने निदान एवढं सांगून जावं, की कुठली नळी पाणी ओढते आणि कुठली सोडते. मी कपाटासमोर फतकल मारून बसायचे, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि त्यांना चांगलं फैलावर घ्यायचे. मोठ्याने. शेजारीण एकदा दारावर टकटक करून गेली, कोण आलंय म्हणून बघायला.

शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खुर्ची ओढून मी टाकीकडे नुसती बघत बसले. आणि दिसलं. पाण्यात बुडबुडे सोडणारा एक दगड असतो, तो बाबांनी समोर अगदी मधोमध ठेवला होता. मला ते कायम खुपायचं, पाहुण्यांसमोर केराची बादली मांडावी तसं. डॉक्टर बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी मी टाकीसुद्धा आवरली होती आणि तो दगड मागे झाडांच्या आडोशाला सरकवला होता, नेमका पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाखाली. बुडबुडे सरळ नळीत, नळीतून डब्यात, डब्यातून चक्रीवर. म्हणजे वरून मीच हवा भरत होते आणि खाली बसून मीच ती हलवून काढत होते. दगड पुढे आणला. डब्याने एक उचकी दिली आणि गप्प झाला.

आता टाकी खाली न्यायला काही अडचण नव्हती, आणि तेव्हाच मला कळलं की मला ती न्यायची नाही. ठमे, हे फोनवर सांगायला गेले तर तू रडशील आणि मी दरवेळेसारखी 'बरं, येते' म्हणून मोकळी होईन, म्हणून लिहायला बसले. या डब्यापायी माझी कंबर धरली, जेवण थंड झालं, तोंडात नको ते शब्द बसले. पण आता दिवस कसा ढकलायचा, हा प्रश्न मात्र त्या दिवसांत एकदाही पडला नाही. बाबांची आठवण काही कमी झालेली नाही, ती तुझ्याकडे आले तरी बरोबर येईलच. इथे तिच्याशी भांडता तरी येतं. पडदे काढू नकोस, मी येईन, पण पाहुणी म्हणून. रागावलीस तर रागाव, मला चालेल. आवाज थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन डॉक्टरांना टाकी देत नाही असं सांगितलं, आणि येताना माशांच्या खाण्याचा मोठा डबा घेऊन आले.

तुझीच, हट्टी
आई